मोह तोडत नाहीत

माझं अक्षर चांगलं आहे याचा मला एके काळी गर्व होता. अंगणवाडीच्या तपासणीला पर्यवेक्षिका बाई आल्या की माझं रजिस्टर उघडून दुसऱ्या सेविकांना दाखवायच्या, 'बघा, असं लिहा.' गावातले लोक अर्ज लिहायला माझ्याकडेच येतात. घरकुलाचा असो, विहिरीचा असो, रानडुकरांनी धान नासवल्याचा असो, अर्ज माझ्या हातचा असला की तलाठी दोनदा विचारत नाही. याच अक्षरात मी एक कागद लिहिला आणि माझ्या नवऱ्याला मोहाच्या झाडावरून पाडलं.

तो मोहाच्या झाडावर जन्मात कधी चढला नव्हता. तो पडला होता एका मंगल कार्यालयाच्या परांचीवरून, दुसऱ्या मजल्याच्या प्लास्टरचं काम करताना, दुपारी तीनच्या सुमारास. चैत्र होता. आमचं गाव वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, आणि काम चाललं होतं पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला. नवरा रोज सायकलने पूल ओलांडून जायचा. अठरा वर्षं मिस्त्रीकाम केलेला. त्याने धरलेला ओळंबा कोणी पुन्हा तपासत नसे.

आदल्या दिवशी त्याने ठेकेदाराला सांगितलं होतं की परांचीचे बांबू घुणले आहेत. आमच्याकडे बांबूचं जंगल आहे, तिरडीलासुद्धा आम्ही चांगला बांबू लावतो. पण ठेकेदाराने मागच्या दोन कामांवरचे बांबू उचलून आणले होते, जुन्याच दोरीने बांधले होते. 'उद्याचा दिवस काढ, परवा नवे आणतो,' असं म्हणाला. मग नवऱ्याने कमरेला बांधायचा सुरक्षेचा बेल्ट मागितला. बेल्ट दोन होते. ठेकेदाराच्या पत्र्याच्या ऑफिसात खिळ्याला टांगलेले, प्लास्टिकसुद्धा न काढलेले. कोणी साहेब पाहणीला आला की ते बाहेर निघायचे, दोघांच्या कमरेला लागायचे, फोटो व्हायचा, आणि पुन्हा खिळ्यावर जायचे. 'एवढी वर्षं चढतोयस, तुला कशाला हवा बेल्ट?' असं म्हणून तो हसला. हे मला नवऱ्याने त्या रात्री जेवताना सांगितलं होतं आणि मी फक्त भाकर वाढली होती.

मला फोन ठेकेदाराचाच आला. मी गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा नवरा त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा होता. डोळे उघडे होते. पाय हलत नव्हते. केसांत, कानात ओलं सिमेंट होतं. ठेकेदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, माझं ऐका. साईटवर पडला म्हटलं की आधी पोलीस येतील, पंचनामा होईल, तोवर इथंच पडून राहील. झाडावरून पडला म्हणा. इथून पट्टी करून लगेच माझ्या गाडीत नागपूरला नेतो. सगळा खर्च माझा. घरचा माणूस आहे तो माझा."

हा ठेकेदार देशावरचा. आठ वर्षं आमच्या भागात बांधकामं करत होता, आणि शुद्ध बोलायचा, पुस्तकातल्यासारखं. मी विचारलं, "कोणत्या झाडावरून?" त्याने इकडे तिकडे पाहिलं. दवाखान्यासमोर एक म्हातारी टोपलीत मोहफुलं घेऊन बसली होती. "मोहाच्या," तो म्हणाला. "सध्या सीझन आहे ना? लिहा, मोहाची फुले तोडण्यासाठी झाडावर चढले असता तोल जाऊन खाली पडले."

मी पिशवीतून अंगणवाडीची वही काढली, पान फाडलं, गाडीच्या बोनटवर ठेवलं आणि त्याने सांगितलं तसं, शब्दाला शब्द, सुवाच्य अक्षरात लिहिलं. खाली सही केली. दवाखान्यातल्या पोलीस चौकीत तो कागद दिला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की त्या गाडीत डिझेल आहे आणि ती नागपूरकडे जाऊ शकते.

नागपूरला ठेकेदार चार दिवस राहिला. पाचव्या दिवशी त्याचा फोन बंद लागला. पाठीचा मणका तुटला होता आणि पाय परत येणार नव्हते, हे डॉक्टरांनी मला सहाव्या दिवशी सांगितलं. ते ऐकायला घरचा माणूस मी एकटीच होते. सोबत काम करणारे मजूर छत्तीसगडकडचे. त्यांना ठेकेदाराने नागपुरातून फोन करून दुसऱ्याच दिवशी ट्रकने गावी धाडलं होतं. हजेरीची वही कुठे गेली ते कोणालाच माहीत नव्हतं.

गावात आलो तर आमच्या आधी माझा कागद पोचला होता. 'मोहावरून पडला' हे चार दिवसांत 'मोह पिऊन पडला' झालं. आमच्याकडे मोह म्हणजे झाड, मोह म्हणजे फूल आणि मोह म्हणजे दारूही. त्यामुळे कोणाला फार खटपट करावी लागली नाही. माझ्या नवऱ्याने दारू कधी तोंडाला लावली नव्हती. त्याचा बाप तिच्यापायी गेला होता. नवरा अंगणात मांडवाखाली खाटेवर पडून असायचा. येणारे जाणारे विचारायचे, "काऊन गा, एवढी कशाला घेतली?" आणि तो भिंतीकडे तोंड करायचा. दीड महिना तो माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस अंग पुसताना म्हणाला, "अवं, मी कधी शिवलो नाई दारूले. अन् तू मले मोहावर चढवलं."

मी फडका पिळून पुन्हा पुसत राहिले. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. त्याला त्या झाडावरून मला खाली उतरवायचं होतं. आणि ज्याने चढवायला लावलं त्याला असं काही दाखवायचं होतं की त्याने जन्मभर आठवण काढावी. लोक म्हणतात सोडून द्यावं, देव बघतो. मी देवाला कष्ट द्यायचे नाहीत असं ठरवलं.

चंद्रपूरला एक म्हातारे मुसलमान वकील होते. शिवणकामाच्या दुकानावर त्यांची खोली, खालून शिलाई मशीनचा आवाज. मी ओरडत, रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, गुस्सा ठेवा. पण कोर्टात आणू नका, घरी ठेवून या. इथे कागद लागतो."

कागद तर माझाच होता, माझ्याच विरुद्ध. त्यांनी मला कायदा समजावला. कामावर असताना, कामामुळे कामगाराला इजा झाली की भरपाई मालकाने द्यायची. मालक म्हणजे ज्याने कामाला लावलं तो. हजेरीत मजुराची सही नाही, नाव नाही, एवढ्याने मालकाची सुटका होत नाही. चूक कोणाची हेसुद्धा फारसं पाहत नाहीत. पण तो कामावर होता आणि तिथेच पडला, हे सिद्ध आपल्याला करावं लागतं. "आणि तुम्हीच लिहून दिलंय, झाडावरून पडला," ते म्हणाले. पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी पोलीस चौकीतून कागदाची नक्कल मागवली होती. चष्मा लावून वाचू लागले, 'मोहाची फुले तोडण्यासाठी झाडावर...' आणि थांबले. ते मूळचे सिंदेवाहीकडचे. लहानपणी आजीसोबत पहाटे रानात गेलेले.

"तोडण्यासाठी?" त्यांनी विचारलं. "ये तुम्ही लिहिलं?"

"त्यानं सांगितलं, मी लिवलं."

ते हसायला लागले. इतके की खालून शिंप्याने वर डोकावून पाहिलं. मग मलाही कळलं. इतके दिवस मी त्या वाक्याकडे लाजेने पाहत होते, वाक्य नीट वाचलंच नव्हतं.

जे वाचक आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मोह कोणी तोडत नाही. मोह वेचतात. फूल रात्री पिकतं आणि पहाटे आपोआप खाली गळतं. झाडाखालचा पाला आधी झाडून, जाळून जागा साफ करून ठेवायची, आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन बसायचं. ऊन चढलं की काम संपलं. त्यासाठी झाडावर चढायचं म्हणजे पावसाचं पाणी आणायला ढगावर चढण्यासारखं. आमच्याकडचं तीन वर्षांचं लेकरूसुद्धा 'मोह तोडायला' असं म्हणणार नाही. ते वाक्य आमच्या भागात तयारच होऊ शकत नव्हतं. ते बाहेरून आलेलं होतं आणि त्याच्यावर माझी फक्त सही होती.

मी म्हटलं, "साहेब, लगेच सांगून टाकू जजला."

"बिलकुल नाई," वकीलसाहेब म्हणाले. "आपण सांगितलं तर तो सावध होईल. आंबा म्हणेल, चिंच म्हणेल. त्याला शपथेवर बोलू द्या. तोपर्यंत हा शब्द तोंडातून काढायचा नाई. नवऱ्यापाशीसुद्धा."

मी नाही काढला. केस दाखल झाली. ठेकेदाराचं लेखी उत्तर आलं की हा इसम अधूनमधून माझ्याकडे काम करायचा, पण त्या दिवशी सुट्टीवर होता. मोहफुले तोडायला गेला असता, बहुधा मद्यप्राशन करून, झाडावरून पडला. त्याच्या पत्नीने स्वहस्ते तसं लिहून दिलं आहे. मी ते उत्तर वाचलं आणि मला राग आलाच नाही. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून बाजूला बसणाऱ्याला कसं वाटत असेल, तसं वाटलं. मूल, सावली, व्याहाड, ही सगळी गावं तारखेला जाता-येता एसटीच्या खिडकीतून मला पाठ झाली. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला तो गाडीतून उतरायचा, माझ्याकडे बघून मान हलवायचा, 'कशा आहात वहिनी?' मी म्हणायची, 'मजेत.' आणि खरंच, मी आतून मजेत असायची. कोणाचं वाईट व्हावं म्हणून इतकी नियमाने वाट मी आधी कधी पाहिली नव्हती.

एकदा नवऱ्याने विचारलं, "एवढी कशाले जाऊन राह्यली तू? तुह्याच हातचा कागद हाय त्याच्यापाशी." मी म्हटलं, "असू दे." तो पुन्हा भिंतीकडे वळला. मला सांगून टाकावंसं फार वाटलं, पण जीभ आवरली.

मग ठेकेदाराची साक्ष आली. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. आमच्या वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली ती पाहुण्याला चहा विचारावा तशी.

"तुम्हाला खबर मिळाली तेव्हा तुम्ही तिथे गेलात?"

"हो. माणुसकी म्हणून."

"झाड मोहाचंच होतं?"

"हो. मोठं झाड होतं."

"किती वर चढला होता?"

"पंधरा-वीस फूट असेल. वरच्या फांदीवर फुलं जास्त असतात."

"टोपली होती?"

"होती ना. फांदीला बांधली होती. तोडलेली फुलं त्यात होती."

"हाताने तोडतात की काठीने?"

त्याने क्षणभर विचार केला. "हाताने. काठीने फूल खराब होतं."

"वेळ?"

"दुपारचे तीन."

कोपऱ्यात टाइप करणारी मुलगी थांबली. तिने मान वर करून ठेकेदाराकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि ओठ आवळून पुन्हा टाइप करू लागली. दारातला शिपाई तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. न्यायाधीश परगावचे होते. त्यांनी विचारलं, "काय झालं?" वकीलसाहेब म्हणाले, "काही नाही साहेब. सगळं जसंच्या तसं लिहून घ्यावं एवढीच विनंती."

पुढच्या तारखेला मला उभं केलं. ठेकेदाराच्या वकिलाने कागद माझ्यापुढे धरला. "हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"सही?"

"माझी."

"मग हे खरं आहे?"

"नाही. हे मी लिहिलंय, पण हे माझं वाक्य नाही. मी इथली आहे. इथली बाई असं लिहूच शकत नाही." आणि मी न्यायाधीशांना मोह कसा वेचतात ते सांगितलं. पाला जाळण्यापासून अंगणात वाळवण्यापर्यंत, सगळं. अंगणवाडीत लेकरांना सांगते तसं, सावकाश, हाताने दाखवत. ठेकेदाराचा चेहरा मी सबंध वेळ पाहत होते. गंधाखालची कातडी आधी लाल झाली, मग पांढरी पडली. मला फार आनंद झाला. मी खोटं सांगत नाही, लग्नात झाला नव्हता इतका झाला.

वकीलसाहेबांनी दवाखान्याचा पहिला कागदही दाखवला. डॉक्टरांनी मी सांगितलं ते लिहिलं होतंच, पण जे डोळ्यांनी दिसलं तेही खाली लिहिलं होतं. केसांत आणि कानात ओलं सिमेंट. मोहाच्या झाडावर सिमेंट कुठून आलं, हे ठेकेदाराला सांगता आलं नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. त्यात लिहिलं होतं की मोहफुले झाडावर चढून तोडत नाहीत, ही या भागातील सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. अर्जदार हा कामगार होता, तो परांचीवरून पडला, त्यास सुरक्षेचा बेल्ट दिलेला नव्हता, आणि भरपाईची जबाबदारी ठेकेदाराची. मी घरी येऊन खाटेशी बसले आणि ते पान नवऱ्याला वाचून दाखवलं. 'परांचीवरून' या शब्दाशी तो म्हणाला, "पुन्हा वाच." मी पाच वेळा वाचलं. मग तो म्हणाला, "जोरानं वाच, कुंपणापलीकडे आयकू जाऊ दे." शेजारचे म्हातारे भाऊ कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि ऐकून मान खाली घालून गेले.

ठेकेदाराने पैसे भरले नाहीत. अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम कोर्टात भरावी लागते, हे त्याला उशिरा कळलं. न भरल्यावर वसुलीचं पत्र निघालं आणि तहसीलची माणसं त्याची मिक्सर मशीन आणि गाडी जप्तीसाठी लिहून घेऊन गेली. मग एका सकाळी तो आमच्या घरी आला. पुन्हा चैत्र होता. अंगणभर मी वेचलेली फुलं वाळत घातली होती आणि तो बुटांनी त्यांच्यावरूनच चालत आला.

"खाली पाहा," मी म्हटलं.

त्याने बूट काढले. हात जोडले. "वहिनी, झालं गेलं विसरा. निम्म्यात मिटवू. तुम्ही फक्त एक अर्ज लिहून द्या कोर्टाला, आपसात मिटलं म्हणून. तुमचं अक्षर चांगलं आहे."

हे तो दुसऱ्यांदा मागत होता. मी आत गेले, वही आणि पेन घेऊन आले, ओट्यावर बसले.

"लिवून देते," मी म्हटलं. "पण अगोदर मले मोह तोडून आणा."

"काय?"

"ते काय, गोठ्यामागं झाड हाय. तुम्ही शपथेवर सांगितलं ना, वरच्या फांदीवर जास्त असतेत. हातानं तोडा. काठीनं खराब होतेत."

तो आधी हसला. मी हसले नाही. त्याने खाटेकडे पाहिलं. नवरा उशीवर मान वळवून शांतपणे बघत होता. ठेकेदाराने घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि गोठ्याच्या भिंतीवर चढला. तिथून पहिल्या दोन फांद्यांच्या दुबेळक्यात पाय टाकला. पोट खोडाला घासत होतं, पांढऱ्या शर्टावर सालीचे काळे ओरखडे उठत होते. दीड पुरुष उंचीवर जाऊन त्याने वरच्या फांदीला हात घातला. फांदी वाकली. एक पाय घसरला, तो त्याने पुन्हा खोडाला रोवला.

मला वाटत होतं की तो पडावा. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. पाठीवर पडावा, आणि मी त्याच्याजवळ जाऊन विचारावं, पाय हलतात का हो भाऊ?

"अवं," खाटेवरून नवऱ्याचा आवाज आला. "उतरव त्याले."

"काऊन?"

"बेल्ट नाई बांधला त्यानं."

ठेकेदाराने ते ऐकलं. तो वरून आमच्याकडे पाहत राहिला, तोंड उघडं. मग एकेक पाय चाचपत, पोट घासत खाली आला. बूट हातात घेऊन, फुलांच्या कडेकडेने फाटकाबाहेर गेला. त्याने एकही फूल आणलं नव्हतं, म्हणून अर्ज लिहायचा प्रश्नच उरला नाही. पुढच्या महिन्यात पूर्ण रक्कम कोर्टात जमा झाली.

नवरा कधी कधी ती गोष्ट काढून हसतो. मीही हसते. पण त्या सकाळचं एक पान अजून माझ्या वहीत आहे. ठेकेदार वर चढत होता तेव्हाच, तो पडलाच तर दवाखान्यात द्यायला, मी ते ओट्यावर बसून लिहून ठेवलं होतं, चांगल्या अक्षरात, फक्त सही करायची बाकी ठेवून: 'मंगल कार्यालयाच्या परांचीवर चढले असता, बेल्ट नसल्यामुळे, तोल जाऊन खाली पडले.'